सकाळी घालायचं, दुपारी उतरवायचं

पुण्याच्या हवामानाच्या नोंदींत १७ जानेवारी १९३५ हा दिवस सगळ्यांत थंड म्हणून राहिला आहे. त्या पहाटे शहरातलं किमान तापमान आजच्या मापात १.७ अंश सेल्सियस होतं. त्याआधी सातच वर्षं, म्हणजे १९२८ साली, हवामान खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यात आलं होतं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात.

पण त्या १.७ अंशांवरून पुण्याची थंडी जोखू नये. डिसेंबर-जानेवारीत इथलं किमान तापमान सरासरी ११-१२ अंश असतं आणि कमाल २९-३०. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंची, सह्याद्रीच्या पलीकडची कोरडी हवा आणि रात्री निरभ्र आकाश. दिवसा तापलेली जमीन अंधार पडला की उष्णता भराभर सोडते आणि पहाटे हुडहुडी भरते. सूर्य वर आला की तीच जमीन तितक्याच वेगानं तापते. १७-१८ अंशांचा हा फरक पहाट ते दुपार एवढ्या वेळात अंगावरून जातो. पुण्याची थंडी तासांत मोजायची असते.

मी सत्तरी ओलांडली आहे. आयुष्यभर मुलींना शिवण आणि विणकाम शिकवलं. दिवाळीनंतर माझ्याकडे येणाऱ्या मुली हटकून विचारतात, "बाई, यंदा थंडीसाठी काय घेऊ? दिसायला चांगलं हवं, वापरात यायला हवं आणि खिशाला परवडायलाही हवं." या तिन्ही अटी आजच्या नाहीत. गेल्या अडीचशे वर्षांत पुण्यात जे जे उबदार वस्त्र टिकलं, ते याच अटींवर टिकलं. इथं एक चौथी अटही होती, ती म्हणजे कपडा चटकन उतरवता यायला हवा. दुपारी बारा वाजता जो अंगात राहतो तो कपडा पुण्याचा नव्हे. हा इतिहास मी मुलींना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, तो आता सलग सांगते.

सुरुवात घोंगडीपासून करायला हवी, कारण पुण्याच्या आसपास तयार होणारी खरी लोकर तेवढीच. फलटण, माण, खटाव या कोरड्या भागांत दख्खनी मेंढी वाढते. तिची लोकर आखूड आणि राठ असते, काळी, करडी किंवा मळकट पांढरी. धनगर ती कातरतात, बायका पिंजून सूत काढतात आणि सणगर विणकर खड्ड्याच्या मागावर तिच्या पट्ट्या विणतात. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं धागा ताठ आणि घट्ट होतो. रंग द्यावा लागत नाही, मेंढीचा रंग तोच घोंगडीचा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून रिमझिम पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेणारा माणूस हिवाळ्यात तीच अंथरतो आणि तीच पांघरतो. भाजी आणि दूध घेऊन पहाटे शहरात येणाऱ्या गावकऱ्याच्या खांद्यावर ती असायची. ऊन चढलं की घडी घालून पुन्हा खांद्यावर.

लोकर न विणता, पाणी शिंपडून, लाटून-मळून तिचा जाड थर बसवायची कलाही पुण्यात होती. त्या पांघरुणाला बुरणूस म्हणत. मुंबई सरकारनं १८८५ साली छापलेल्या गॅझेटियरच्या पुणे भागात शहरातल्या कारागिरीची यादी आहे. तांब्यापितळेची भांडी, रेशीम, जर, बांगड्या आणि हस्तिदंती फण्यांबरोबर बुरणूस करणाऱ्यांचीही तीत नोंद आहे. हा धंदा पिंजाऱ्यांचा. आज शहरात त्याची खूण उरलेली नाही.

पेशवाईत शनिवारवाड्याच्या दरबारात मान होता तो काश्मिरी शालीला. वाड्याचं काम १७३२ साली पुरं झालं आणि पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत शालजोडी ही पुण्याच्या राज्यकारभारातली एक देवघेवच झाली. सरदाराला निरोप द्यायचा, वकिलाचा सत्कार करायचा, शास्त्र्याची विद्वत्ता मान्य करायची, तर वस्त्रं द्यायची आणि त्यांत शाल वरचढ. काश्मीरचं पश्मिन्याचं काम इतक्या दूरवरून येई, त्यामुळे ते सामान्य घरात शिरणं शक्यच नव्हतं. ते पेटीत राही आणि लग्नकार्यात बाहेर निघे. पण पुण्याच्या हवेला ते नेमकं जुळलं. शाल शिवावी लागत नाही, कुणाच्याही अंगाला बसते, सकाळच्या पूजेला ओढून घ्यावी, दरबारात खांद्यावर टाकावी, घरी आल्यावर घडी घालावी.

सामान्य माणसाजवळ बाराबंदी असे, जाड सुताची पासोडी असे आणि उपरणं असे. ऐपत असेल तर कापूस भरून टाचलेला डगला. या वस्त्रांनी दख्खनची पहाट निभावून जाई. त्यांच्या मर्यादा उघड्या पडल्या त्या पानिपतावर. १७६० च्या नोव्हेंबरापासून १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपर्यंत मराठी फौज तिथं कोंडून पडली होती. उत्तरेची थंडी दुपारीही हटत नाही. उपासमार होतीच, त्यात या थंडीची भर पडली. पुण्याकडची माणसं चार तासांच्या गारठ्याला पुरेल असं वस्त्र घेऊन महिनोनमहिन्यांच्या थंडीत सापडली. पानिपताच्या हकिगतींत तोफा आणि घोडी येतात, पांघरुणं क्वचितच येतात. मला मात्र त्या लोकांच्या अंगावर काय होतं हा प्रश्न नेहमी छळतो.

घरात, म्हणजे बायकांच्या आणि मुलांच्या राज्यात, ऊब वेगळ्या वाटेनं आली. तान्ह्या मुलाला कुंची. डोकं, कान आणि पाठ एकाच कापडानं झाकणारी, गळ्याशी बंद असलेली. खणाच्या किंवा जुन्या रेशमी लुगड्याच्या तुकड्याची करत, आतून मऊ सुती अस्तर. बाळ रांगायला लागलं तरी ती अंगावरून सरकत नाही, आणि उकडलं तर एक बंद सोडला की सुटते. सोवळ्याच्या घरात मोठ्या बायकांसाठी लोकरीची धाबळी होती. सुती वस्त्र सोवळ्यात नेसायचं तर ते रोज धुऊन, कुणी न शिवता वाळवलेलं लागे. लोकरीला ती अट नव्हती. पौषातल्या पहाटे विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करून चुलीपुढे बसणाऱ्या बाईला धाबळी हा मोठाच आधार होता. माझ्या आजीची धाबळी मी पाहिली आहे. तिला कापूर आणि धूर यांचा मिळून एक वास येई. आजी लहान वयात विधवा झालेली. तिच्या वाट्याला आलेल्या कपड्यांत मऊ आणि उबदार असं ते एकच होतं.

संक्रांतीला काळं नेसायची चाल याच दिवसांतली. एरवी सणाला काळा रंग चालत नाही. जानेवारीच्या मध्याला, ऐन गारठ्यात मात्र चंद्रकळा नेसायची, मुलाला काळं झबलं घालून बोरन्हाण करायचं. काळं कापड ऊन शोषून घेतं, हे अनुभवानं समजलेलं शहाणपण रूढीच्या घडीत जपून ठेवलं गेलं. आजही संक्रांतीच्या आधी लक्ष्मी रस्त्यावर काळ्या साड्या दर्शनी टांगलेल्या असतात.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि पुण्याच्या पूर्वेला लष्कराची छावणी वसली. तिच्यामुळे पुण्यात कापडाची दुसरी दुनिया आली. फ्लॅनेल, सर्ज, लोकरी मोजे, बटणांचा कोट. मेन स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रस्त्यावर, साहेबांसाठी कपडे शिवणारी दुकानं उभी राहिली. पेठांतला माणूस तिथं क्वचित जाई, पण कोट पेठांत आला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतले पुण्याच्या शिकलेल्या पुरुषांचे फोटो पाहा. गळ्यापर्यंत बंद लांब कोट, खाली धोतर, खांद्यावर उपरणं, डोक्यावर पगडी. कोटानं छाती झाकली आणि उपरण्यानं गळा. खालचं धोतर दुपारच्या उन्हासाठी तसंच राहिलं. दोन हवामानांसाठी एकाच अंगावर केलेली ती सोय होती आणि दिसायलाही ती रुबाबदार होती.

कोट आला तसा प्रश्नही आला, की कापड कुणाचं? सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी पुण्यात स्वदेशीचं व्रत १८७० च्या दशकातच धरलं. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते हातानं कातलेल्या-विणलेल्या जाड्याभरड्या कापडात गेले. दरबार जानेवारीत होता आणि दिल्लीची जानेवारी कशी असते ते सांगायला नको. पुढे १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. सावरकर तेव्हा फर्ग्युसनमध्ये शिकत होते, टिळक सभेला हजर होते. हिवाळा तोंडावर असताना घरातला परदेशी कपडा बाहेर काढून देणं म्हणजे त्याग होता. सुती कापडाला देशी गिरण्यांचा पर्याय होता. लोकरीला फारसा नव्हता. कानपूरची लाल इमली १८७६ ची, पंजाबातली धारीवालची गिरणी १८८० ची, पण दोन्हींची मालकी इंग्रजांची. आमच्या भागातली, आमच्या माणसांनी विणलेली लोकर म्हणजे घोंगडी. पण ती अंगरख्यावर शोभत नाही अशी पेठांची समजूत, म्हणून ती अंथरुणात आणि शेतावरच राहिली. आमच्या वस्त्रांच्या इतिहासात हातची गेलेली मोठी संधी मी हीच मानते.

कोट, शाल, धाबळी हे सगळं ऐपतीप्रमाणे. गोधडी मात्र सगळ्यांची. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पदर एकावर एक घालायचे, चारी बाजूंनी दुमडायचे आणि कडेपासून आत सरळ धावदोऱ्यानं टाचत जायचं. नव्या कापडाची गोधडी उबदार होत नाही. शेकडो वेळा धुतलेलं सूत मऊ होतं, थरांमध्ये हवा धरतं, आणि तीच हवा ऊब देते. बोहारीण दारात आली की घासाघीस याच गोष्टीवरून व्हायची. तिला भांड्याच्या बदल्यात धड लुगडी हवी असत. घरची बाई जरतारी किंवा न विटलेलं लुगडं एकवेळ देई, पण विरून मऊ झालेलं सुती लुगडं गोधडीसाठी मागे ठेवी.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला तेव्हा गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरल्या. रोग्याचं अंथरूण-पांघरूण जाळलं जाई. त्या काळाबद्दल लिहिताना देव्हाऱ्यांची विटंबना आणि बायकांची अप्रतिष्ठा यांबद्दल लिहिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण गरिबाच्या घरातली गोधडी जळणं म्हणजे दोन पिढ्यांची लुगडी आणि चार-दोन महिन्यांचं टाचणं जळणं होतं. त्यानंतरच्या प्लेगच्या सालांत लोक गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. उघड्या माळावरच्या त्या थंडीत गोधडी नसणं काय असेल, हे त्याच लोकांना ठाऊक.

आता माझ्या कामाकडे येते. दोन सुयांवरचं विणकाम पुण्यात मिशनरी बायका आणि मुलींच्या शाळा यांच्याबरोबर आलं. १८८४ साली हुजूरपागा सुरू झाली, १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. सेवासदनात शिवणकाम शिकवलं जाई ते बाईला चार पैसे स्वतःच्या हातानं मिळावेत म्हणून. लोकरीच्या सुया घरात यायला अडचण पडली नाही. चूल नाही, यंत्र नाही, बसल्या जागी होणारं काम. दुपारी माजघरात, संध्याकाळी ओसरीवर आणि पुढे कीर्तनाला, रेल्वेत, दवाखान्याच्या बाकावर. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी मोजे आणि मफलर विणले गेले. १९६२ साली चीननं हल्ला केला तेव्हा तर देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि महाराष्ट्राला ते युद्ध अधिकच घरचं वाटलं. मी तेव्हा शाळकरी मुलगी. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात खाकी हिरवट लोकरीचे गुंडे आले होते. आई आणि आत्या पुढा-पाठ विणत आणि मी मफलर. सरळ पट्टीचं काम, चुकायला जागा कमी. आपण विणलेलं बर्फात कुणाच्या तरी गळ्यात पडणार आहे, या विचारानं माझे टाके एकसारखे पडू लागले. शिस्त मला तिथं लागली.

तुळशीबाग आणि रविवार पेठेतल्या दुकानांत लोकर औंसावर मिळे. ती महाग होती, म्हणून तिचा एकही धागा वाया जात नसे. मुलाचा स्वेटर करताना बाह्या खांद्यापासून खाली विणायच्या. वर्षभरात मूल वाढलं की मनगटाची पट्टी उसवायची, टाके पुन्हा सुईवर घ्यायचे आणि तीन-चार बोटं वाढवायच्या. वाढवण्याची हद्द संपली की सगळा स्वेटर उसवायचा. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यात धुवायची, खाली वजन अडकवून वाळवायची म्हणजे धाग्याच्या वळ्या सरळ होतात. मग त्यात एक नवा रंग मिसळून धाकट्यासाठी दुसरा. आमच्याकडे एक मोरपंखी लोकर मोठ्या भावाच्या स्वेटरातून माझ्या कोपरीत आणि तिथून धाकट्या बहिणीच्या कानटोपीत गेली. मासिकांत छापलेले नमुने कापून वहीत चिकटवायचे, शेजारणीच्या अंगावरची नवी वीण डोळ्यांनीच टिपून घ्यायची. फॅशन होती, हौस होती आणि खर्च फक्त वेळेचा होता.

त्या काळात बिनबाह्यांच्या स्वेटरला पुण्यात जो मान मिळाला तो योगायोग नव्हता. शर्टावर चढवा, छाती-पाठ झाकलेली, हात मोकळे. सायकलवरून कचेरीत जावं, अकरा वाजता काढून खुर्चीवर टाकावा. मास्तर, कारकून, कॉलेजातली मुलं, सगळ्यांच्या अंगात तो. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातलेला माणूस दिसला की तो आजारी आहे किंवा परगावचा आहे असं समजत.

शालही या काळात नव्यानं रुळली. दरबार गेला पण मान द्यायची रीत सभेनं उचलली. शाल आणि श्रीफळ दिल्याखेरीज पुण्यातला सत्कार पुरा होत नाही. आणि १९५३ पासून पुण्याच्या डिसेंबराला सवाई गंधर्व महोत्सव मिळाला. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला हा महोत्सव रात्रभर चाले. काही वर्षं रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावर, मग बरीच वर्षं रमणबागेत. उघड्या आकाशाखाली रात्र काढायची म्हणजे तयारी लागे. आजोबांची घोंगडी खाली, वर शाल, कानाला मफलर, मुलांसाठी गोधडी, फिरकीच्या तांब्यात चहा. पुण्याच्या उबदार कपड्यांचा सगळा इतिहास त्या मैदानावर शेजारी शेजारी बसलेला असे. पश्मिन्याची वारशाची शाल पांघरलेली बाई आणि माकडटोपी घातलेले निवृत्त मास्तर एकाच भैरवीला मान डोलवत. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली आणि रात्रभराच्या बैठका संपल्या. शाली अजून येतात, पण पहाटेचा गारठा आता त्यांच्या वाट्याला येत नाही.

घरच्या विणकामात पहिला मोठा बदल तयार स्वेटरांनी घडवला. १९५९ साली दलाई लामांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी भारतात आले. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, महाराष्ट्रात आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं गोठणगाव अशा ठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबं देशभरच्या शहरांत स्वेटर विकायला निघत. पुण्यातही रस्त्याकडेला बांबू आणि ताडपत्रीची त्यांची दुकानं लागायची. माल बहुतेक लुधियानाचा, उधारीवर उचललेला. हिवाळा संपला की परत जाऊन ती उधारी फेडायची. पाऊस लांबला किंवा थंडी पडली नाही तर वर्षाची कमाई बुडायची. पुणेकर कित्येक वर्षं त्यांना सरसकट नेपाळी म्हणत, त्यांच्या मागचं घर गेलं आहे हे फार थोड्यांना माहीत होतं.

त्यांच्याकडचे स्वेटर मशीनवर विणलेले, बहुतेक अॅक्रिलिकचे, चटक रंगांचे आणि स्वस्त. माझे विणकामाचे वर्ग त्यानंतर ओसरू लागले. एका स्वेटराच्या लोकरीच्या पैशांत तयार स्वेटर मिळत असेल तर गृहिणीनं रात्री का जागवाव्यात? मला त्यांचा राग कधी आला नाही. मी त्यांच्या दुकानात जाऊन वीण पाहत उभी राहायची. तिथली एक बाई गिऱ्हाईक नसलं की स्वतः विणत बसलेली असे, तेही खऱ्या लोकरीचं. मी तिला विचारलं, "ताई, हे किसके लिए?" ती म्हणाली, "मुलासाठी. हा विकायचा नाही." आम्ही एकमेकींचे टाके पाहिले. आमच्या दोघींच्या हातांत एकच काम होतं, आणि बाजारानं दोघींनाही ते घरापुरतंच ठेवलं होतं.

दुसरा बदल चाकांनी घडवला. सायकलींच्या या शहरात १९६० च्या दशकापासून आकुर्डीच्या बजाज कारखान्याच्या स्कूटरी येऊ लागल्या आणि पुणं दुचाकींचं झालं. ताशी चाळीस किलोमीटर वेगानं जाणाऱ्याला १२ अंशांची हवा बरीच बोचते. स्वेटराच्या विणीतून वारा आरपार जातो. म्हणून विंडचीटर आला, हातमोजे आले आणि मुलींचा तोंडाभोवती गुंडाळायचा सुती स्कार्फ आला. थंडी, ऊन, धूळ तिन्हींना एकच कपडा. हा कपडा बाहेरच्या बऱ्याच माणसांना चमत्कारिक वाटतो. मला तो पुण्याच्या परंपरेतलाच वाटतो, कारण तो उपरण्याचं काम करतो आणि पर्समध्ये मावतो.

हे कपडे परवडावेत म्हणून शहरानं बाजारही घडवले. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात वापरलेले कोट आणि जर्किनं मिळतात. कँपातल्या फॅशन स्ट्रीटवर पोरं घासाघीस करून जॅकेट घेतात. २६ मार्च २०२१ च्या रात्री तिथं आग लागली आणि शेकडो दुकानं जळाली. करोनात आधीच बसलेल्या या दुकानदारांचा उरलेला माल गेला, तरी त्यांनी तिथंच पुन्हा दुकानं मांडली. पहिल्या पगाराचं जॅकेट बहुतेकांनी अशाच बाजारातून घेतलेलं असतं, म्हणून या बाजारांबद्दल शहरानं आपुलकी ठेवायला हवी.

आज थंडीचा नकाशाही बदलला आहे. पाषाण, एनडीए, हवेलीकडे पारा खाली जातो, मगरपट्टा-वडगावशेरीच्या काँक्रीटमध्ये त्याच पहाटे तो कित्येक अंशांनी वर असतो. आणि हिंजवडीतल्या कचेऱ्यांत वातानुकूलन इतकं असतं की माझ्या विद्यार्थिनी मे महिन्यातही शाल बाळगतात. दाराबाहेर ४० अंश, आत २०. तासांची थंडी आता बारमाही झाली आहे आणि म्हणून जुन्या पुण्याची अक्कल पुन्हा उपयोगी पडते.

मुलींना मी सांगते ते असं. एक जाडजूड कोट घेऊ नका, पुण्यात तो वर्षातले पंधरा दिवस वापराल आणि उरलेले दिवस तो कपाट अडवेल. त्याच पैशांत तीन पातळ थर होतात. अंगालगत सुती, त्यावर बिनबाह्यांचा खऱ्या लोकरीचा किंवा मिश्र लोकरीचा स्वेटर, आणि दुचाकीवर असाल तर वरून वारा अडवणारं पातळ जर्किन. गळा आणि कान झाकले की बरीच थंडी जाते, म्हणून मफलर चांगला घ्या. घरात सत्काराच्या शाली पडून असतील तर त्या वापरा, नाहीतर वापरणाऱ्याला द्या. सुती साड्या टाकू नका, गोधडी टाचून देणाऱ्या बायका अजून शहरात आहेत आणि त्यांना काम हवं आहे. स्वेटरला भोक पडलं तर रफू करून घ्या. रंगांत एक काळं असू द्या, ते संक्रांतीलाही चालतं.

आणि ऐपत असेल तर एक घोंगडी घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीला आज इतका कमी भाव मिळतो की कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि कित्येक मेंढपाळ ती टाकून देतात. आपण मात्र परदेशी लोकरीच्या आणि प्लॅस्टिकच्या धाग्याच्या वस्तूंना पैसे मोजतो. डिसेंबरात पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी विणकर स्वतः येतात. आता तर घोंगडीच्या सुताच्या पिशव्या, आसनं, गळपट्टे, जॅकेटंही होऊ लागली आहेत. घोंगडी थोडी टोचते खरी. सुती सदऱ्यावर पांघरली की टोचत नाही आणि वापरून मऊ होते. १९०५ साली पेठांनी जी लोकर अंथरुणात ठेवली, ती अंगावर आणायची वेळ अजून गेलेली नाही. माण-खटावचा माग चालू राहायचा असेल तर त्याला पुण्याचं गिऱ्हाईक लागेल, आणि हे गिऱ्हाईक आपणच व्हायचं आहे.